इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये किती धातू बसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजेने वस्तूवर धातूचा थर चढवताना किती धातू बसेल याचं सूत्र बहुतेकांना पाठ असतं. अडतं ते त्यात कुठला आकडा भरायचा यावर, आणि वजनाचा काटा वेगळंच काही दाखवतो तेव्हा. इथले प्रश्न त्याच दोन जागी अडलेल्यांचे आहेत. काही विद्यार्थ्यांचे, काही प्रत्यक्ष बाथ, म्हणजे धातू चढवायच्या द्रावणाची टाकी, चालवणाऱ्यांचे. सोप्यापासून सुरुवात केली आहे. घाई असेल तर थेट प्रश्न ४ आणि प्रश्न १० वाचा, निम्म्या शंका तिथेच मिटतात.

१. जमा होणारा धातू काढायचं सूत्र काय? आणि ते येतं कुठून?

जमा धातू (ग्रॅम) = करंट (अँपिअर) × वेळ (सेकंद) × अणुवस्तुमान ÷ (इलेक्ट्रॉनसंख्या × ९६,४८५)

घोकण्यापेक्षा पायरीपायरीने वाचा. करंट गुणिले वेळ म्हणजे बाथमधून गेलेला प्रभार, कूलोममध्ये. त्याला ९६,४८५ ने भागलं की इलेक्ट्रॉनांचे मोल (मोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं एकक) मिळतात. धातूच्या एका अणूला जितके इलेक्ट्रॉन लागतात तितक्याने भागलं की धातूचे मोल, आणि अणुवस्तुमानाने गुणलं की ग्रॅम. म्हणजे हे सूत्र मुळात धातू मोजतच नाही. ते इलेक्ट्रॉन मोजतं आणि आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन धातू बसवण्याच्याच कामी लागला असं धरून चालतं. हे धरून चालणं कुठे अंगाशी येतं ते प्रश्न १० ते १२ मध्ये आहे.

मायकेल फॅरडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास या सूत्रामागचे नियम मांडले. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा १८९७ उजाडायचं होतं. तरीही तराजू आणि चिकाटी यांच्या जोरावर त्यांनी प्रभार आणि वस्तुमानाचं नातं अचूक पकडलं.

२. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या द्रावणातून ०.८० अँपिअर करंट २५ मिनिटं सोडला. किती तांबं बसेल?

२५ मिनिटं म्हणजे १,५०० सेकंद. प्रभार ०.८० × १,५०० = १,२०० कूलोम. इलेक्ट्रॉन १,२०० ÷ ९६,४८५ = ०.०१२४४ मोल. तांब्याच्या एका आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून तांबं ०.००६२२ मोल. त्याला ६३.५५ ने गुणलं की ०.३९५ ग्रॅम.

या गणितात सर्वांत जास्त बळी मिनिटं घेतात. सेकंद न करता २५ तसेच ठेवले तर उत्तर ०.००६६ ग्रॅम येतं, बरोबर साठपट कमी. उत्तर संशयास्पद वाटलं की आधी ६० ने गुणून पाहा. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो.

३. ९६,४८५ घ्यायचा की ९६,५०० ? पुस्तकागणिक वेगळा का?

दोन्ही चालतात. फरक सुमारे ६,४०० भागांत एक भाग इतका आहे. तुमच्या ॲमीटरची चूक याच्या कितीतरी पट असते. परीक्षेत प्रश्नपत्रिकेत दिलेला आकडा घ्या, बाकी वाद नको.

हा आकडा म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण प्रभार. याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. आज आपण करंट मोजून धातू काढतो, पण एके काळी धातू तोलून करंट ठरवत. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून दर सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी बसवणारा स्थिर करंट म्हणजे एक आंतरराष्ट्रीय अँपिअर, अशी व्याख्या १९४८ पर्यंत चालू होती. चांदीचं अणुवस्तुमान १०७.८७ ला ९६,४८५ ने भागून पाहा, तोच आकडा हाती येतो. २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि अ‍ॅव्होगाड्रो संख्या या दोन्ही किमती व्याख्येनेच पक्क्या केल्या आहेत. त्यामुळे त्यांचा गुणाकार असलेला हा स्थिरांकही आता पक्का आहे.

४. इलेक्ट्रॉनसंख्या कशी ठरवायची? तांबं म्हटलं की २ च ना?

नाही, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. ही संख्या धातूच्या नावावरून ठरत नाही. बाथमध्ये तो धातू कुठल्या रूपात विरघळला आहे यावरून ठरते.

आम्लधर्मी कॉपर सल्फेटच्या बाथमध्ये तांबं +२ अवस्थेत असतं (हा त्याचा ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे अणूने गमावलेले इलेक्ट्रॉन), म्हणून २. सायनाइडच्या बाथमध्ये तेच तांबं +१ अवस्थेत असतं, म्हणून १. तेवढ्याच प्रभारात तिथे हिशेबाने दुप्पट तांबं बसतं. कथिलाचंही तसंच. आम्लधर्मी स्टॅनस बाथमध्ये २, अल्कधर्मी स्टॅनेट बाथमध्ये ४. सोनं नेहमीच्या सायनाइड बाथमध्ये १, पण +३ अवस्थेतल्या सोन्याचेही बाथ असतात. चांदी १, निकेल २, जस्त २. यांत सहसा घोळ होत नाही. क्रोमसाठी प्रश्न १२ पाहा.

खात्री नसेल तर बाथमध्ये घातलेल्या क्षाराचं रासायनिक सूत्र लिहा आणि ऑक्सिडीकरण अंक काढा. पोटॅशियम गोल्ड सायनाइडमध्ये एक पोटॅशियम (+१), दोन सायनाइड (प्रत्येकी −१), बेरीज शून्य यायची तर सोनं +१.

आता सापळा. सायनाइडसारख्या बाथमध्ये धातू संकुल आयनात (धातूभोवती इतर गट जोडलेल्या आयनात) अडकलेला असतो आणि त्या आयनावर स्वतःचा वेगळा प्रभार असतो. तांब्याच्या एका अणूभोवती तीन सायनाइड असलेल्या आयनावर −२ प्रभार असतो. तो "२" पाहून हात आपोआप सूत्रात २ भरतो. तो भरायचा नाही. आतल्या तांब्याची अवस्था +१ आहे, आपल्याला ती हवी. मी स्वतः एकदा हेच केलं होतं. थर हिशेबाच्या जवळपास पावणेदोनपट आला आणि अर्धा दिवस मी रेक्टिफायरच्या (बाथला वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या) मीटरवर संशय घेत बसलो होतो.

५. सूत्रात व्होल्टेज, द्रावणाची तीव्रता आणि तापमान का नाही?

कारण किती इलेक्ट्रॉन आले एवढ्याशीच सूत्राला देणंघेणं आहे. ते किती जोराने ढकलले, कुठल्या तापमानाला आले, हा त्याचा विषय नाही. व्होल्टेज वाढवलं की करंट वाढतो आणि तो करंट सूत्रात आधीच मोजलेला असतो. व्होल्टेजचा थेट संबंध विजेच्या खर्चाशी: व्होल्ट गुणिले कूलोम म्हणजे ज्यूल.

तीव्रता आणि तापमान मागच्या दाराने येतात. धातूचे आयन कॅथोडपर्यंत (ज्यावर धातू चढतो त्या वस्तूपर्यंत) ज्या वेगाने पोचू शकतात त्यापेक्षा जास्त करंट रेटला, तर उरलेले इलेक्ट्रॉन पाण्याकडे वळतात, हायड्रोजन सुटतो, थर काळा आणि भुसभुशीत होतो. पातळ, गार, न ढवळलेल्या बाथमध्ये ही मर्यादा लवकर येते. पण तेव्हा बदलते ती कार्यक्षमता, म्हणजे धातू बसवण्याच्या कामी लागलेल्या इलेक्ट्रॉनांचा वाटा (प्रश्न १०). मूळ सूत्र तसंच राहतं.

६. रोजच्या कामाला एवढं गणित कोण करणार? झटपट आकडे आहेत का?

आहेत. एक अँपिअर-तास म्हणजे ३,६०० कूलोम. १०० टक्के कार्यक्षमता धरून एका अँपिअर-तासात बसणारा धातू असा: चांदी ४.०२५ ग्रॅम, तांबं +२ मधून १.१८६ आणि +१ मधून २.३७१, निकेल १.०९५, जस्त १.२२०, कथिल +२ मधून २.२१५ आणि +४ मधून १.१०७, सोनं +१ मधून ७.३४९, क्रोमियम +६ मधून ०.३२३ ग्रॅम.

सोन्याचा आणि क्रोमचा आकडा शेजारी ठेवून पाहा. तेवढ्याच इलेक्ट्रॉनांत सोनं सुमारे तेवीसपट वजनाचं बसतं. एकीकडे अणू जड आणि इलेक्ट्रॉन एकच, दुसरीकडे अणू हलका आणि सहा इलेक्ट्रॉनांची भूक.

७. ग्रॅम कळले. थराची जाडी मायक्रॉनमध्ये कशी काढू?

वस्तुमानाला घनतेने भागा, की घनफळ मिळेल. त्याला क्षेत्रफळाने भागा, की जाडी. ग्रॅम, ग्रॅम प्रति घन सेंमी आणि चौरस सेंमी घेतलेत तर जाडी सेंमीमध्ये येईल, तिला १०,००० ने गुणलं की मायक्रॉन.

दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर या दराने तासाभरात तांबं (+२ मधून) सुमारे १३.२ मायक्रॉन आणि निकेल सुमारे १२.३ मायक्रॉन चढतं. हे दोन आकडे लक्षात ठेवले की निम्मे अंदाज तोंडी होतात.

पण ही जाडी सरासरी आहे हे विसरू नका. कडा, कोपरे आणि ॲनोडसमोरची (बाथमधल्या धन टोकासमोरची) बाजू जास्त करंट ओढतात, खोबणीत आणि भोकात कमी जातो. सूत्राने १० मायक्रॉन सांगितले म्हणजे खोबणीच्या तळाशी १० असतील असं मुळीच नाही. क्षेत्रफळ धरताना आटे, भोकं, मागची बाजू सगळं धरा. पत्र्याची एकच बाजू धरून थर निम्मा का आला असं विचारणारा दर महिन्याला एक तरी भेटतो.

८. मला उलटं हवंय. १० मायक्रॉन निकेल चढवायला किती वेळ लागेल?

५ × ८ सेंमीची पातळ पट्टी घेऊ, दोन्ही बाजू मिळून ८० चौरस सेंमी (कडांची जाडी सोडून दिली आहे). १० मायक्रॉन म्हणजे ०.००१ सेंमी, म्हणून घनफळ ०.०८० घन सेंमी. निकेलची घनता ८.९०८, म्हणून वस्तुमान ०.७१३ ग्रॅम. ५८.६९ ने भागून ०.०१२१४ मोल, दुप्पट इलेक्ट्रॉन, गुणिले ९६,४८५ केले की सुमारे २,३४३ कूलोम.

बाथची कार्यक्षमता ९५ टक्के असेल तर जास्त प्रभार सोडावा लागणार, म्हणून भागायचं: २,३४३ ÷ ०.९५ = २,४६६ कूलोम. करंट चौरस डेसिमीटरला ३ अँपिअर ठेवला तर ०.८ चौरस डेसिमीटरला २.४ अँपिअर. वेळ २,४६६ ÷ २.४ = १,०२८ सेकंद, म्हणजे १७ मिनिटांच्या किंचित वर.

भागायचं की गुणायचं यात गोंधळ झाला तर स्वतःला विचारा, बाथ वाया घालवतो तेव्हा वेळ वाढायला हवा की कमी व्हायला?

९. दोन बाथ एकाच सर्किटमध्ये जोडले तर करंट वाटला जातो का?

सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडले तर नाही. दोन्हीतून तोच करंट, तेवढाच प्रभार जातो. प्रश्न २ मधल्या तांब्याच्या बाथमागे चांदीचा बाथ जोडला असता तर तिथे ०.०१२४४ × १०७.८७ = १.३४ ग्रॅम चांदी बसली असती. परीक्षेतला लाडका प्रश्न हाच: एकात एवढं तांबं बसलं तर दुसऱ्यात किती चांदी? करंट आणि वेळ काढायची गरजच नसते, इलेक्ट्रॉनांचे मोल सारखे धरा.

समांतर जोडणीत मात्र करंट वाटला जातो, तोही समसमान असेलच असं नाही. प्रत्येक शाखेचा वेगळा मोजावा लागतो.

१०. हिशेबापेक्षा कमी धातू बसला. माझं कुठे चुकलं?

बहुधा तुमचं गणित बरोबर असेल, काही इलेक्ट्रॉन दुसऱ्या कामाला गेले असतील. प्रत्यक्ष बसलेला धातू भागिले सूत्राने आलेला धातू, गुणिले १००, ही कॅथोडची करंट कार्यक्षमता. प्रश्न २ मध्ये ०.३९५२ ग्रॅमऐवजी काट्यावर ०.३८१ भरलं, तर ती ९६.४ टक्के.

आम्लधर्मी तांब्यात ती सहसा १०० च्या अगदी जवळ असते, वॉट्स प्रकारच्या (निकेल सल्फेट आणि क्लोराइडच्या नेहमीच्या) निकेल बाथमध्ये साधारण ९३ ते ९७. निकेलमध्ये हरवलेला भाग डोळ्यांनी दिसतो. कॅथोडवरून बारीक बुडबुडे निघतात तोच तो. प्रश्न ८ मध्ये वाया गेलेल्या १२३ कूलोममधून २५ अंशांना सुमारे १६ मिलिलिटर हायड्रोजन तयार होतो.

तांब्यात मात्र हायड्रोजनला लगेच दोष देऊ नका. तांबं हायड्रोजनच्या आधी बसतं. तिथे कमी भरलं तर सैल चिकटलेले कण धुताना गळाले का ते पाहा. द्रावणात लोहाचे +३ आयन असतील तर तेही इलेक्ट्रॉन खातात. आणि हँगर, म्हणजे वस्तू टांगायचा आकडा, पाहा! उघड्या पडलेल्या तारेवर, आकड्यावर धातू चढलेला असतो आणि आपण तोलतो फक्त वस्तू. करंट त्या आकड्यालाही गेलेला असतोच.

११. माझी कार्यक्षमता १०४ टक्के आली. हे कसं शक्य आहे?

इलेक्ट्रॉन हवेतून येत नाहीत, तेव्हा मोजमापातच काहीतरी आहे. सर्वात आधी ओलावा. प्लेट नुसती टिपून तोलली तर पाण्याचा पातळ थरही काही मिलिग्रॅम भरतो. डिस्टिल्ड पाण्याने धुवा, ॲसिटोनमध्ये बुडवून काढा, पूर्ण सुकू द्या, मगच तोला. खडबडीत थराच्या खाचांत द्रावण सुकून क्षार उरतो, तो वेगळा.

दुसरं कारण करंट न देताही बसणारा धातू. लोखंड कॉपर सल्फेटमध्ये बुडवलं की रेक्टिफायर चालू व्हायच्या आतच ते तांबूस होतं, कारण लोखंड विरघळून त्याच्या जागी तांबं बसतं. एका मोलमागे ५५.८५ ग्रॅम लोखंड जातं आणि ६३.५५ ग्रॅम तांबं येतं, म्हणजे वजन ७.७० ग्रॅम वाढतं, तेही एकही कूलोम मीटरवर न येता. असा थर नीट चिकटतही नाही.

उत्तर १०४ ऐवजी १८० किंवा १९० टक्के आलं असेल तर मात्र वरचं काहीच नाही, प्रश्न ४ वाचा.

१२. क्रोमचा हिशेब कधीच जुळत नाही. का?

नेहमीच्या क्रोमिक ॲसिडच्या बाथमध्ये क्रोमियम +६ अवस्थेत असतं. तीन ऑक्सिजनांचे −६, त्याला तोडीस तोड +६. एका अणूला सहा इलेक्ट्रॉन, आणि वर कार्यक्षमता साधारण १० ते २० टक्केच. १० अँपिअर ५ मिनिटं, म्हणजे ३,००० कूलोम. सूत्राने ०.२६९ ग्रॅम. १५ टक्के धरले तर हातात ०.०४० ग्रॅम. बाकीचा प्रभार मुख्यतः हायड्रोजन काढण्यात जातो, म्हणून तर या बाथवर एवढा फेस आणि वाफारा असतो.

त्यामुळे इथे कार्यक्षमता पुस्तकातून उचलू नका. तापमान, करंटची घनता आणि सल्फेटचं प्रमाण बदललं की ती बदलते. आपल्याच बाथमध्ये एक पट्टी चढवून, तोलून काढा. +३ अवस्थेतल्या क्रोमचे बाथही वापरात आहेत, तिथे इलेक्ट्रॉनसंख्या ३.

१३. कॅथोडवर जेवढं बसतं तेवढाच ॲनोड झिजतो ना?

ॲनोड त्याच धातूचा आणि विरघळणारा असेल तर साधारण हो, तंतोतंत नाही. तांब्याचा ॲनोड हिशेबापेक्षा थोडा जास्तच हलका होतो, कारण काही कण न विरघळता गाळ म्हणून खाली पडतात. म्हणून प्रयोगात कॅथोडच्या वजनावर विश्वास ठेवा.

निकेलमध्ये एक छुपा परिणाम आहे. ॲनोड जवळजवळ १०० टक्के कार्यक्षमतेने विरघळतो आणि कॅथोड ९५ च्या आसपास बसवतो. फरकाचं निकेल बाथमध्ये साठत जातं आणि हायड्रोजन निघून गेल्यामुळे पीएचही हळूहळू चढतो. अधूनमधून ॲसिड घालावं लागतं ते यासाठीच. क्रोमच्या बाथमध्ये शिशाच्या मिश्रधातूचे ॲनोड असतात, ते धातू पुरवतच नाहीत. बसलेलं सगळं क्रोम द्रावणातून वजा होतं आणि क्रोमिक ॲसिड घालून भरून काढावं लागतं.

१४. करंट सारखा वरखाली होत असेल, किंवा पल्स (झटक्याझटक्याने चालू-बंद होणारा) असेल तर?

तुकडे करा आणि बेरीज करा. १० मिनिटं १ अँपिअर, २० मिनिटं १.५ अँपिअर, ५ मिनिटं ०.६ अँपिअर असेल तर ६०० + १,८०० + १८० = २,५८० कूलोम. सतत बदलत असेल तर आलेखाखालचं क्षेत्रफळ. अँपिअर-तास मीटर हेच काम गुपचूप करतो.

पल्समध्ये सरासरी करंट घ्या. ५ अँपिअर २ मिलिसेकंद चालू, ८ मिलिसेकंद बंद, म्हणजे सरासरी १ अँपिअर. आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) दाखवणारा मीटर इथे २.२४ अँपिअर दाखवेल. तो आकडा तार किती तापेल ते सांगतो, धातू किती बसेल ते नाही. उलट्या दिशेचे पल्स असतील तर त्यांचा प्रभार वजा करा, आणि विरघळण्याची कार्यक्षमता बसण्यापेक्षा वेगळी असू शकते हे ध्यानात ठेवा.

१५. पितळासारखा मिश्रधातू चढवला तर कुठलं अणुवस्तुमान घ्यायचं?

सरासरी अणुवस्तुमान घेऊन भागत नाही, कारण दोन्ही धातूंना लागणारे इलेक्ट्रॉन वेगळे. एक ग्रॅम थराला किती इलेक्ट्रॉन लागतात ते धातूनिहाय काढा आणि मिळवा. सायनाइड बाथमधला ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असा थर धरू. तांबं +१: ०.७० ÷ ६३.५५ = ०.०११०२ मोल. जस्त +२: ०.३० × २ ÷ ६५.३८ = ०.००९१८ मोल. एकूण ०.०२०१९ मोल, म्हणजे ग्रॅममागे सुमारे १,९४८ कूलोम, किंवा एका अँपिअर-तासाला १.८५ ग्रॅम.

मेख अशी की थराचं प्रमाण आधी माहीत हवं. ते थराच्या विश्लेषणातून घ्या. बाथमध्ये धातू ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात ते बसत नाहीत, आणि करंट बदलला की थराचं प्रमाणही सरकतं.

१६. इलेक्ट्रोलेस निकेललाही हेच सूत्र लावायचं का?

नाही. तिथे बाहेरून करंटच नसतो, इलेक्ट्रॉन द्रावणातलं क्षपणक रसायन देतं. तेव्हा अँपिअर × वेळ या जागी भरायला काहीच नाही. जाडी मोजा किंवा आधी-नंतरचं वजन घ्या. हायपोफॉस्फाइट हे क्षपणक असलेल्या बाथमध्ये थरात फॉस्फरसही येतो. त्यामुळे घनता शुद्ध निकेलच्या ८.९०८ पेक्षा कमी भरते, प्रश्न ७ ची रीत वापरताना तेवढं सांभाळा.